ओंबी छाप शर्ट

वाई,
१६ जुलै १९७३

प्रिय शांतिनाथ,

सलाम. परवा सकाळी मी काय केलं ते आधी सांगतो. मुलांची न्याहारी झाली, कोठीला कुलूप घातलं आणि मी आमच्या मुलांच्या मागोमाग थेट शाळेच्या फाटकापर्यंत चालत गेलो. इतकी वर्षं मी या मिशनच्या वसतिगृहाची कोठी सांभाळतो, डाळतांदूळ मोजतो, पण आपली मुलं शाळेत शिरताना कशी दिसतात ते कधी पाहिलं नव्हतं. फाटकाशी गावातल्या पोरांचा घोळका उभा होता. आमची मुलं दिसताच त्यातला एक ओरडला, "आली रं, अमेरिका आली!"

तुला ठाऊक आहे, दुष्काळ पडल्यापासून आमच्याकडे परदेशातून जुन्या कपड्यांची गाठोडी येतात. देणाऱ्यांचं मन मोठं आहे, पण अंगंही मोठी आहेत. एका पोराच्या अंगात घोट्यापर्यंत येणारा लोकरीचा कोट होता. त्याच्या वाटणीला तोच आला, मग जुलै असो की मे. दुसऱ्याच्या छातीवर पोहणाऱ्या बाईचं चित्र. शालू म्हणून नऊ वर्षांची एक मुलगी आहे. ती ज्याला झगा म्हणते तो कुणा धिप्पाड साहेबाचा झोपताना घालायचा सदरा आहे, त्यावर सगळीकडे अस्वलं. ती मान खाली घालून आत गेली. बाकीचीही तशीच गेली. कुणी रडलं नाही. रोजचंच असावं.

मी घाटावर जाऊन बसलो. प्रार्थना केली असं म्हणवत नाही, नुसता नदीकडे बघत राहिलो. पण उठलो तेव्हा मनात एक गोष्ट पक्की होती. या प्रत्येक लेकराला एक तरी कपडा असा मिळाला पाहिजे, की जो त्याचं माप घेऊन शिवलाय, ज्यात आधी दुसऱ्याचं अंग गेलेलं नाही आणि जो घालून चालताना त्याची मान खाली जाणार नाही.

आता योजना. आमच्या आवारातला शिवणवर्ग बंद पडला, त्याची मशिनं धूळ खात आहेत. तिथे शिकवणारी रंगुबाई आणि तिच्या दोघी सोबतिणी, तिघी विधवा, कामावाचून बसून आहेत. त्यांनी पुरुषांचे तयार शर्ट शिवायचे. छाप आपली स्वतःची, ख्रिस्ती माणसांनी काढलेली, पण घालावी सगळ्यांनी. एक शर्ट विकला गेला की एका लेकराचा कपडा शिवायचा. रंगुबाईला हे सांगितलं, तर म्हणाली, "लालाभाऊ, मशिनी हायत, हात हायत. कापड काय आभाळातनं पडणार?"

म्हणून तुला लिहितो. कवठ्याच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो, तू माझी गणितं सोडवलीस. हेही गणितच आहे.

तुझा,
लालासाहेब रणपिसे


सांगली,
२४ जुलै १९७३

प्रिय लालासाहेब,

जयजिनेंद्र. तुझं पत्र दुकानात वाचलं आणि घरी नेऊन गुणमालेला वाचून दाखवलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आभाळातनं कशाला, आपल्या दुकानातनं पडू दे." म्हणजे निकाल लागला. आमच्याकडे वरचं कोर्ट तेच आहे.

कापड मी देतो. शर्ट माझ्या दुकानात विकतो. जेवढे विकले जातील तेवढ्या लेकरांचं कापड वाईला पाठवतो. फक्त माझ्या अटी ऐक. रेशीम कुठेही लावायचं नाही, त्यात किडे मरतात. बटणं हाडाची नकोत, शिंपल्याचीही नकोत. प्लास्टिकची मी पाठवतो. आणि माझ्या दुकानात उपदेश करायचा नाही. गिऱ्हाईक शर्ट घ्यायला आलं तर शर्टच घेऊन जाईल.

आता मुख्य गोष्ट. छाप कोणती? खिशावर काहीतरी निशाणी पाहिजे. आमच्याकडचा शेतकरी अक्षर वाचत नाही, चित्र ओळखतो. विचार करून कळव.

शांतिनाथ


वाई,
२ ऑगस्ट १९७३

प्रिय शांतिनाथ,

सलाम. वहिनींच्या कोर्टाचे आभार. अटी मान्य.

छापेचा मी चार दिवस विचार केला. आमच्या धर्मातल्या अगदी पहिल्या काळच्या माणसांना उघडपणे भेटता येत नसे. तेव्हा ते ओळख पटवायला जमिनीवर मासा काढत. मला ती कल्पना फार आवडते. मोठं देऊळ नाही, घंटा नाही, नुसती एक वाकडी रेघ. तर आपली छाप मासा. रंगुबाईने खिशावर भरून बघितला. पहिला वांग्यासारखा आला, दुसरा बरा आहे.

शिवाय कॉलरच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, एक ओळ भरायची: 'एक तुला, एक लेकराला.' हा उपदेश नव्हे, हिशेब आहे, म्हणून तुझ्या अटीत बसतो.

तुझा,
लालासाहेब


सांगली,
९ ऑगस्ट १९७३

अरे गृहस्था,

मासा? माझ्या दुकानात? गादीमागे पार्श्वनाथांचा फोटो, त्यासमोर मी सकाळी हात जोडतो, आणि वळून गिऱ्हाइकाला म्हणू काय, की या, मासा घ्या? माझ्या आईने हे ऐकलं असतं तर दुकान धुऊन काढलं असतं. तुझी ओळ मात्र मान्य. हिशेब म्हणालास, तिथेच मी हरलो.

मी स्वतः तुमच्यातल्या एका मास्तरांना विचारलं की दुसरी काही निशाणी आहे का. ते म्हणाले, कोकरू. कोकराला माझी हरकत नाही, बिचारा गरीब जीव. पण बाजाराच्या दिवशी दारात कोकराचं चित्र बघून लोक मला किलोचा भाव विचारतील.

शेवटी गुणमाला म्हणाली, "तुम्ही दोघंही शेतकऱ्याची पोरं. गव्हाची ओंबी घ्या की." मी म्हटलं, त्यात धर्म कुठे आला? ती म्हणाली, "ते लालाभाऊजी शोधतील."

शोध.

शांतिनाथ


वाई,
१७ सप्टेंबर १९७३

प्रिय शांतिनाथ,

शोधावं लागलंच नाही. जमिनीत पडून मरणाऱ्या आणि मग भरघोस पिकणाऱ्या गव्हाच्या दाण्याविषयी आमच्या प्रभूने सांगितलेलं मी लहानपणापासून ऐकतोय, आणि ते वहिनींना आधी सुचावं याचं मला नवल वाटलं. ओंबी छाप ठरली. रंगुबाईही खूश आहे. ओंबी वाकडी आली तर वाऱ्याने वाकली म्हणता येतं.

उशीर होतोय तो कॉलरमुळे. या बायांनी जन्मभर झंपर आणि परकर शिवले. कॉलर काही केल्या उभी राहत नाही, दमलेल्या बैलाच्या कानासारखी पडते. रोज संध्याकाळी मी कोठीच्या खिडकीतून ऐकतो, "उसव गं बाई, उसव." आमचा हंगामाचा सण नोव्हेंबरात आहे, तोवर एक तरी शर्ट पुरा करायचाच असं ठरलं आहे.

तुझा,
लालासाहेब


(पोस्टकार्ड)

वाई,
१२ नोव्हेंबर १९७३

प्रिय शांतिनाथ,

सलाम. कार्डावर जागा थोडी, आनंद फार. काल आमच्या चर्चच्या मंडळीत हंगामाचा सण झाला. उपासनेनंतर लिलाव असतो. लोकांनी भोपळे, शेंगा, कोंबड्या आणल्या, मी आपला पहिला तयार शर्ट ठेवला. लिलाव गाजला तो शर्टाचाच! आधी आमचे पंच, सुभेदार हंबीरराव, यांनी घेतला. मग हेडमास्तरांनी. मग पाळकसाहेबांनी. मग दवाखान्यातल्या कंपाउंडरने. मग पुन्हा हंबीररावांनी. उन्हं कलली तरी शर्ट विकणं चालूच. रंगुबाई आनंदाने रडली. माप आम्ही मंडळीतल्या सर्वांत धिप्पाड माणसाचं, म्हणजे हंबीररावांचंच घेतलं होतं. सविस्तर मागाहून.

लालासाहेब


सांगली,
२५ नोव्हेंबर १९७३

प्रिय लालासाहेब,

जयजिनेंद्र. तुला आजवर मी साधा समजत होतो, माफ कर. एका दुपारी इतके शर्ट? माझ्या दुकानात दिवाळीच्या आदल्या दिवशीसुद्धा असं होत नाही. हंबीरराव तर एक घेऊन गेले आणि दुसऱ्यासाठी परत आले! असं गिऱ्हाईक मला जन्मात भेटलं नाही.

मी तुझ्या सविस्तर पत्राची वाट बघत बसलो नाही. धंद्यात वेळेला महत्त्व. आमच्या गल्लीतले शिंपी दिवाळीनंतर रिकामे बसले होते, सगळ्यांना कामाला लावलं. दुकानातलं चौकटीचं कापड होतं नव्हतं तेवढं कापलं. माप सगळं एकच, हंबीररावांचं. ज्या मापावर एवढी झुंबड उडाली ते सोडून दुसरं कशाला कापायचं?

उद्याच्या एसटीने गठ्ठे पाठवतो. रंगुबाईंना सांग, शिवायचं काम आम्ही केलं, ओंबी आणि ओळ तेवढी तुम्ही भरा. भरून झाले की परत पाठव. इथे मी दुकानावर पाटी लावतोय: 'साताऱ्यात गाजलेला ओंबी छाप.'

शांतिनाथ


वाई,
२९ नोव्हेंबर १९७३

प्रिय शांतिनाथ,

पाटी लावली असलीस तर आधी उतरव.

अरे, शर्ट एकच होता.

आमचा लिलाव तुझ्या बाजारासारखा नसतो. देवाला आणलेली वस्तू कुणी बोली लावून घेतो आणि घेतल्याबरोबर 'पुन्हा देवाला' म्हणून मेजावर परत ठेवतो. मग दुसरा घेतो, तोही ठेवतो. पैसे मंडळीच्या पेटीत पडत जातात, वस्तू तिथेच. गेल्या सालचा एक कोंबडा दुपारभर सगळ्या मंडळीचा झाला आणि शेवटी दमून मेजाखाली झोपला. हे मी पाळण्यात असल्यापासून बघतोय, म्हणून तुला सांगायचं सुचलंच नाही. तो शर्ट घरी कुणीही नेला नाही. हंबीररावांनीही नाही. तो माझ्याच कोठीत खुंटीला आहे.

गठ्ठे पोचले. रंगुबाईने एक शर्ट दोन्ही हातांनी उघडून धरला, तर शर्टामागे ती दिसेनाशी झाली. आतून आवाज आला, "लालाभाऊ, ह्यो शर्ट हाय का तंबू?" मग तिघी हसत सुटल्या, आणि मीही हसलो, आणि मग मला मुलांची आठवण झाली. ज्या गावात दुसऱ्याच्या मापाचे कपडे नकोत म्हणून आपण उठलो, त्याच गावात आपण स्वतःच्या हातांनी दुसऱ्याच्या मापाचे ढीग घातले.

बाया ओंब्या भरत आहेत. थांबवू की चालू ठेवू, कळव.

तुझा,
लालासाहेब


सांगली,
८ जानेवारी १९७४

आदरणीय लालाभाऊजी यांना गुणमालेचा नमस्कार.

पत्र मी लिहिते आहे, कारण हे लिहीत नाहीत. ओंब्या भरलेले शर्ट पोचले हे कळवायचंसुद्धा यांच्याने झालं नाही. शर्ट दुकानात मावेनात, म्हणून घरी आले. पलंगाखाली शर्ट, माळ्यावर शर्ट, पाटावर बसावं तर पाटाखाली शर्ट. हे रोज एक अंगात घालून आरशापुढे उभे राहतात आणि म्हणतात, "धुतल्यावर आटेल." धुतला. आटला नाही. तुमच्या मित्राने कापड चांगलं दिलं आहे.

वाईट याचं वाटतं की तुमच्या मुलांसाठी इथून एक वार कापडही अजून गेलेलं नाही. माझ्याकडे काल माझा भाऊ अजितकुमार जेवायला आला होता. तो तालमीत जातो, कुस्त्या खेळतो. यांनी लाजेने सगळे शर्ट चादरीखाली झाकले होते, पण तो बसला तोच चादरीवर. एक ओढून काढला, अंगात घातला आणि हात वर केले. मग खाली केले. मग पुन्हा वर केले. मला म्हणाला, "अक्का, काखेत उसवला न्हाई गं!" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं म्हटलं तर तुम्ही हसाल, पण आजवर त्याला तयार शर्ट कधी बसलाच नव्हता. खांदा बसला तर गळा नाही, गळा बसला तर बटण नाही.

आज तो तालमीतल्या चौघांना घेऊन आला आहे. हे आत त्यांना शर्ट दाखवत आहेत आणि पुन्हा पहिल्यासारखं मोठ्याने बोलत आहेत. म्हणून वेळ मिळाला, लिहिलं.

आपली,
गुणमाला


सांगली,
२० फेब्रुवारी १९७४

प्रिय लालासाहेब,

जयजिनेंद्र. मधल्या काळात पत्र का नाही, असं विचारू नकोस. गुणमालेने सगळं लिहिलं आहे, असं तिने मला सांगितलं, आणि पत्र दाखवलं नाही.

आता ऐक. मी कुस्तीच्या मैदानांवर माल विकतोय. मी, ज्याने जन्मात दंड काढला नाही! जत्रा सुरू आहेत. तासगावकडच्या एका मैदानाबाहेर लिंबाखाली सतरंजी टाकून बसलो. आत हलगी वाजतेय, बाहेर माझे शर्ट जाताहेत. एका पहिलवानाने कुस्ती मारली, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, तर त्याच्या अंगात आपला चौकटीचा शर्ट आणि खिशावर ओंबी. त्यानंतर सतरंजीवर पाय ठेवायला जागा नव्हती. दुसरा एक चितपट होऊन आला आणि माझ्यावरच घसरला, "आवं शेठ, तुमच्या ओंबीत दम न्हाई." मी म्हटलं, "बाबा, कुस्ती तू उघड्या अंगानं खेळलास. शर्ट इथं माझ्याजवळ घडी घालून होता." तर म्हणतो, "मग आधी सांगायचं न्हाई व्हय, घालून खेळ म्हणून?"

कॉलरमधली ओळ त्यांना फार आवडते. ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याकडून वाचून घेतो आणि विचारतो, "ह्ये लेकरू कुठलं?" मी अजितकुमारला म्हटलं, वाईहून नावं मागवू या, ज्याचं लेकरू त्याला कळवू. तो म्हणाला, "नगा दाजी. त्येलाबी माझं नाव सांगू नगा. उद्या पोरगं मोठं हून माझ्यासमोर कुस्तीला उभं ऱ्हायलं, तर भिडंनं पडंल. मला खरी कुस्ती पायजे."

मुलांसाठी कापडाचे गठ्ठे आजच्या एसटीने सुटले. सगळ्यांना पुरेल, थोडं उरेल. मापं नीट घे, लालासाहेब. मापाच्या बाबतीत आपला दोघांचा लौकिक बरा नाही.

शांतिनाथ


वाई,
२५ मार्च १९७४

प्रिय शांतिनाथ,

सलाम. मापं रंगुबाईने घेतली. पहिल्या दिवशी मुलं ताठ उभीच राहिनात, गुदगुल्या होतात म्हणून. त्यांना कुणी कधी टेपने मोजलेलंच नव्हतं. आता मुलांचे शर्ट-चड्ड्या आणि मुलींचे परकर-झंपर जवळजवळ तयार आहेत. पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला, म्हणजे चौदा एप्रिलला, सगळ्यांच्या अंगावर नवे कपडे असतील.

हे लिहिताना मला आनंद व्हायला हवा. पण गोष्ट वेगळ्या वाटेला लागली आहे. हंबीररावांना हे कळलं. माणूस वाईट नाही. लिलावात शर्ट त्यांनी दोनदा घेतला आणि मापही त्यांचंच, म्हणून ही छाप आपण काढली असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांनी पंचांची सभा घेऊन समारंभ ठरवला. मंडप, लाउडस्पीकर, पुण्याहून पाहुणे. एकेका मुलाचं नाव पुकारायचं, त्याने पुढे यायचं, पाहुण्यांच्या हातून कपडा घ्यायचा, माइकपुढे आभार मानायचे. रोज संध्याकाळी वसतिगृहाच्या अंगणात कवायत चालते. हंबीरराव ओरडतात, "नाम! आगे! सलाम! कपडा! आभार! पीछे मुड!" कपड्याऐवजी सध्या घोंगडी देतात. एक पोरगं घाबरून घोंगडीलाच सलाम करून परत फिरलं.

मी हसलो असतो. पण काल शालू कोठीच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "लालामामा, मला झंपर नगं." मी विचारलं, का गं? रंगुबाईने तिचं निळं फुलाफुलाचं शिवलं आहे, तिनेच निवडलेलं. म्हणाली, "सणाला आई येणार हाय. म्होरं बसणार. मग तिच्यादेखत दुसऱ्यानं मला झंपर द्यायचं व्हय? आन म्या आभार मानायचं? ती खडी फोडती, तिला काय वाटंल?"

मी तिला थोडे शेंगदाणे दिले, ते तिने घेतले नाहीत.

दोनदा हंबीररावांकडे गेलो, सांगायचं ठरवून. दोन्हीदा चहा पिऊन आलो. ते पंच, मी कोठीवाला. मनात आणलं तर दुसरा कोठीवाला उद्या मिळतो, आणि या वयात मला दुसरी कोठी मिळणार नाही. रात्री प्रार्थनेला बसतो आणि प्रभूपुढेही चहा पिऊन उठल्यासारखा उठतो.

तुझा,
लालासाहेब


सांगली,
१ एप्रिल १९७४

प्रिय लालासाहेब,

तू सुभेदाराला भितोस, त्यात लाज नाही. मी गुणमालेला भितो. तुमच्या मंडळीत काय करावं हे सांगायचा मला अधिकार नाही, आणि धर्माचं मला कळत नाही. मला दुकान कळतं. तेवढ्यापुरतं बोलतो.

माझ्या गल्लीत शिंपी आहेत. ते गिऱ्हाइकाचं माप घेतात, शिवतात, आणि कपडा झाला की म्हणतात, झालाय, घेऊन जा. कपडा देताना एकाही शिंप्याने आजवर मंडप घातलेला मी पाहिला नाही. ज्याचं माप, त्याचा कपडा. तुम्ही माप घेतलं त्या दिवशीच ते झंपर त्या पोरीचं झालं. आता दुसऱ्याची वस्तू पाहुण्यांच्या हातात देऊन तीच तिला परत कशी वाटणार?

अजितकुमारला हे सांगितलं तर तो सुभेदारांशी कुस्ती धरायला निघाला होता. मी थांबवलं. म्हटलं, त्यांच्याच मापावर आपलं दुकान चालतंय.

कोठी गेली तर सांगलीला ये. ओंबी छापेचा हिशेब ठेवायला मला माणूस हवाच आहे. हे मी खरं लिहितोय.

शांतिनाथ


वाई,
१५ एप्रिल १९७४

प्रिय शांतिनाथ,

सलाम. समारंभ काल झाला. मंडप सुरेख होता. मेजावर पांढरी चादर होती, फुलदाणी होती, आणि त्याखेरीज काहीच नव्हतं.

मुलं समोर रांगेने बसली होती, चौकटीच्या शर्टांत, फुलाफुलांच्या झंपरांत. पुण्याचे पाहुणे भले गृहस्थ. उठून म्हणाले, "किती टापटीप मुलं आहेत तुमची! ज्यांना कपडे द्यायचे ती कुठे आहेत?" हंबीररावांनी मुलांकडे पाहिलं, मेजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. लाउडस्पीकर चालू होता, म्हणून त्यांना काही बोलता येईना. पण सुभेदार तो सुभेदार. पाहुण्यांसाठी आणलेल्या केळ्यांच्या फण्या त्यांनी मेजावर ठेवल्या आणि आज्ञा दिली, "नाम! आगे!" तीन आठवड्यांची कवायत वाया गेली नाही. एकेक मूल पुढे आलं, सलाम केला, केळं घेतलं, पीछे मुड झालं. आभार म्हणायला मात्र सगळी विसरली, कारण बहुतेकांनी केळं लगेच तोंडात घातलं होतं. शालूची आई पहिल्या रांगेत होती. ती लेकीचं झंपर दुसऱ्या बाईला दाखवत होती, आणि काय सांगत होती देव जाणे. मी जवळ गेलो नाही. ते त्या मायलेकींचं होतं.

शेवटी हंबीरराव माझ्याजवळ आले आणि हळू म्हणाले, "रणपिसे, मंगळवारी पंचांसमोर या." मी म्हटलं, "येतो, साहेब." या वेळी चहा नव्हता, म्हणून बोलता आलं असेल. म्हटलं, "कपडे मीच दिले. शनिवारीच दिले. रंगुबाईला बोल लावू नका." ते म्हणाले, "निदान मला तरी सांगायचं होतं. मी पाहुण्यांना आणलं नसतं." मंगळवारी काय होईल ते होईल. तुझं सांगलीचं बोलावणं खिशात आहे, पण ते काढायची वेळ येईलसं आता वाटत नाही.

शनिवारचं आता सांगतो. दुपारी मी रंगुबाईला म्हटलं, आज देऊन टाकायचे. ती म्हणाली, "आन सुभेदार?" मी म्हटलं, "या कपड्यांना त्यांचं माप आपण घेतलेलं नाही." ती हसली नाही, मशिनीवरची चादर झटकली आणि म्हणाली, "मग बोलवा एकेकाला."

शिवणवर्गाच्या खोलीत आम्ही दोघं उभे राहिलो. मूल आत आलं की रंगुबाई त्याच्या अंगात कपडा घालायची, खांदे बघायची, पाठ बघायची आणि म्हणायची, "झालाय. घिऊन जा." बस, एवढंच. पहिली काही मुलं गोंधळली. एकाने कपाळाला हात लावून सलाम ठोकला आणि 'आभार!' या हुकमाची वाट बघत तसाच उभा राहिला. मी म्हटलं, "अरे, शिंप्याकडून आपला कपडा आणताना कुणी आभार मानतं का? फक्त बघायचं, कुठे दाटतंय का."

शालू सगळ्यांच्या मागून आली. झंपर घातलं. दोन्ही हात वर केले, खाली केले. आरसा नव्हता, म्हणून खिडकीच्या काचेत बघितलं. मग रंगुबाईकडे वळून कपाळाला आठी घालून म्हणाली, "हितं काखंत दाटतंय."

शांतिनाथ, या वसतिगृहात आलेल्या कपड्याबद्दल कुणा मुलाने तक्रार केलेली मी आजवर ऐकली नव्हती.

रंगुबाई म्हणाली, "दाटतंय व्हय? काढ." तिने तिथल्या तिथे शिवण उसवली आणि सैल करून पुन्हा मारली. शालू मशिनीच्या कडेला कोपर टेकून, नीट शिवलं जातंय की नाही ते बघत उभी होती. झंपर परत अंगात घालून तिने हात पुन्हा वर केले, मान डोलावली, आणि निघून गेली.

मग मी मापांचे कागद गोळा केले, खिडकी लावली आणि खोलीला कुलूप घातलं. आत एकही कपडा उरला नव्हता.

तुझा,
लालासाहेब